घरी भाजलेली कॉफी बेचव लागते तेव्हा दोष कुठे शोधायचा

कप आंबट लागला की पुढचा घाणा जरा जास्त भाजायचा, कडू लागला की लवकर उतरवायचा. घरी कॉफी भाजणारे बहुतेक जण हेच करतात आणि पुष्कळदा त्यानं चव आणखी बिघडते. कारण कडूपणा फार भाजल्यानंच येतो असं नाही. रसरशीत तापलेल्या कढईत पहिल्या दोन मिनिटांत बियांचा वरचा थर करपला आणि गाभा कच्चा राहिला, तरी कप कडूच लागतो, वर हिरवट झाक असते ती वेगळीच. असा घाणा पुढच्या खेपेला लवकर उतरवला तर करपटपणा तसाच राहतो आणि कच्चेपणा वाढतो.

म्हणून आच वाढवायची की कमी करायची, हा प्रश्न शेवटचा. त्याआधी दोन गोष्टी ठरवायच्या असतात. ही चव खरोखर भाजण्यातूनच आली आहे का? आणि आली असेल, तर भाजण्याच्या कोणत्या टप्प्यात?

आधी भाजणीला निर्दोष धरा

भाजून चार तासही झाले नाहीत अशी कॉफी चाखून निकाल देऊ नका. ताज्या बियांत कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो. गरम पाणी पडलं की तो फसफसून बाहेर येतो, पाण्याला भुकटीत नीट शिरू देत नाही आणि जिभेवर टोचरी चव ठेवून जातो. अनेकांना तीच भाजण्यातली चूक वाटते. निदान २४ तास थांबा. फिल्टरसाठी चार ते सात दिवस आणि एस्प्रेसोसाठी आठवडा-दोन आठवडे गेले की चव बसते. हलक्या भाजणीला जास्त दिवस लागतात, गडद भाजणीला कमी.

मग कॉफी करण्याच्या पद्धतीतले दोष वगळा. दळण जाड झालं, पाणी कोमट होतं किंवा वेळ कमी दिला, तर उत्तम भाजलेली कॉफीही आंबट आणि पातळ लागते. हे वगळण्याची सोपी वाट म्हणजे कपिंग. २०० मिलीलीटर पाण्याला ११ ग्रॅम कॉफी घ्या, जरा जाडसर दळा आणि ९३ अंशांच्या आसपासचं पाणी थेट पेल्यात ओता. चार मिनिटांनी वर जमलेला थर चमच्यानं मोडा, नाक अगदी जवळ नेऊन वास घ्या, फेस काढून टाका. आणखी सहा-सात मिनिटांनी चमच्यानं आवाज करत सुरकून चाखा. इथे ना ओतण्याचं कौशल्य आड येतं, ना यंत्राचा दाब. कपिंगमध्ये गोड लागणारी कॉफी तुमच्या नेहमीच्या भांड्यात आंबट होत असेल, तर भाजण्याला हात लावू नका. दळण बारीक करा.

चाखताना एकदाच चाखून थांबू नका. गरम, कोमट आणि गार अशा तिन्ही अवस्थांत चाखा. चांगली भाजलेली कॉफी निवताना गोड होत जाते. कच्ची राहिलेली निवली की गवताचा वास उघडा पडतो, आणि मंद आचेवर रेंगाळत भाजलेली कोमट होईस्तोवर पोकळ झालेली असते. कॉफी कढत असताना हे दोन्ही दोष झाकले जातात.

बिया पांढऱ्या कागदावर पसरा

चव कळण्याआधीच बराच पुरावा डोळ्यांसमोर असतो. भाजलेल्या बिया उजेडात पांढऱ्या कागदावर एकेरी थरात पसरा. सपाट बाजूवर काळे डाग दिसले तर त्या बाजूनं बी तापलेल्या धातूला चिकटून राहिली होती. फक्त टोकं काळी पडली असतील (अंकुराची जागा बीच्या टोकाशीच असते) तर उष्णता झेपण्यापेक्षा वेगानं दिली गेली. बीवर गोल खपली उडाल्यासारखे खळगे असतील तर शेवटी, दुसऱ्या तडतडीच्या सुमारास (भाजताना बिया दोनदा आवाज करत फुटतात, त्यातली दुसरी खेप), आच फार होती. बाकीचा घाणा तपकिरी असताना मधूनच पिवळट, फिक्या बिया दिसल्या तर त्यांची गोष्ट वेगळी आहे, ती पुढे येईल.

आता चार-पाच बिया दाताखाली फोडा. नीट भाजलेली बी कुरकुरीत मोडते. कच्ची राहिलेली बी चिवट, दगडासारखी लागते. हाताच्या ग्राइंडरलाही ते लगेच कळतं, दांडा अडकत अडकत फिरतो. मग भुकटीचा रंग अख्ख्या बियांच्या रंगाशी ताडून पाहा. भुकटी किंचित फिकी असणं नेहमीचं. ठळक फरक दिसला तर बाहेरून झालं आणि आत पोहोचलं नाही, असं समजा. या एका तपासणीवर माझा थर्मामीटरपेक्षा जास्त विश्वास आहे.

आणि वजन करा. १०० ग्रॅम कच्च्या बियांचे ८७-८९ ग्रॅम उरले तर हलकी भाजणी, ८४-८६ उरले तर मध्यम, ८२ च्या खाली गेलं तर गडद. घट ११ टक्क्यांपेक्षाही कमी असेल तर रंग कितीही छान दिसो, घाणा कच्चा आहे. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा साधा काटा यासाठी पुरतो.

भाजताना आत काय चाललेलं असतं

कच्च्या बीमध्ये १० ते १२ टक्के पाणी असतं. सुरुवातीची उष्णता ते पाणी तापवण्यात आणि उडवण्यात जाते. बी हिरव्याची पिवळी पडते, गवताचा वास जाऊन भाजक्या धान्याचा येऊ लागतो. इथवर बीचं तापमान साधारण १५० ते १६० अंश सेल्सिअस झालेलं असतं. पुढे शर्करा आणि अमिनो आम्लं यांच्यातल्या मेयार अभिक्रिया जोर धरतात, रंग तपकिरी होतो, सुगंध तयार होतो. १९६ ते २०५ अंशांच्या सुमारास आतली वाफ आणि वायू बी फोडून बाहेर पडतात. ही पहिली तडतड, म्हणजेच फर्स्ट क्रॅक. २२४ च्या आसपास दुसरी सुरू होते. तिचा आवाज बारीक आणि घाईचा असतो, आणि तिच्यापुढे तेल पृष्ठभागावर येतं.

हे आकडे बियांच्या ढिगात रुतलेल्या सेन्सरचे आहेत आणि यंत्रागणिक पाच-दहा अंश इकडेतिकडे होतात. लांबून मोजणारा इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत स्टीलवर धरला तर तो भलतंच काही सांगतो. घड्याळ, कान आणि नाक एवढ्यावर उत्तम भाजता येतं, फक्त तीन वेळा न चुकता लिहून ठेवा: पिवळेपणा कधी आला, पहिली तडतड कधी सुरू झाली, घाणा कधी उतरवला. या तीन नोंदींशिवाय पुढचं काहीही उपयोगाचं नाही.

हिरवट, गवताळ, कच्च्या शेंगदाण्यासारखी चव

घरगुती भाजणीतला हा सर्वांत सामान्य दोष, आणि सर्वांत फसवाही. याच्या सोबत येणारा आंबटपणा लिंबासारखा चटकदार नसतो. तो दात आंबवतो आणि मागे तुरट कोरड ठेवतो. कारणं दोन असू शकतात. एक, पहिल्या तडतडीनंतर घाणा फार लवकर उतरवला. दोन, सुरुवातच इतक्या घाईची झाली की गाभा मागे पडला आणि बीचा बाहेरचा भाग त्याच्यापुढे पळाला. दुसऱ्या प्रकारात नुसतं जास्त वेळ भाजल्यानं बाहेरचा भाग जळतो, हिरवटपणा मात्र पूर्ण जात नाही.

दोन्हींतला फरक ओळखायला एकाच पोत्यातल्या बियांचे सारख्या वजनाचे तीन घाणे काढा. पहिली तडतड सुरू होईपर्यंत तिघांची आच, हलवणं, वेळ सगळं शक्य तितकं सारखं ठेवा. फक्त उतरवण्याची वेळ बदला: एक तडतड सुरू झाल्यावर ४५ सेकंदांनी, दुसरा ७५ सेकंदांनी, तिसरा १०५ सेकंदांनी. दुसऱ्या दिवशी तिन्ही शेजारी शेजारी ठेवून चाखा. हिरवटपणा पायरीपायरीनं कमी होत गेला तर तुमचा दोष शेवटच्या टप्प्यात आहे, तेवढा वेळ वाढवा. तिसऱ्या कपातही हिरवटपणा आहे आणि वर कडूपणाही आला, तर दोष पहिल्या टप्प्यात आहे. मग सुरुवातीची आच उतरवा आणि पिवळेपणा यायला मिनिटभर जास्त द्या.

तडतडीनंतरचा काळ एकूण वेळेच्या १५ ते २५ टक्के असावा, असा ढोबळ हिशेब पुष्कळ जण वापरतात. दहा मिनिटांच्या घाण्यात तो दीड ते अडीच मिनिटं होतो. हिशेब चांगला आहे, पण त्याला नियम मानू नका. या काळात तापमान वाढतच नसेल तर अडीच मिनिटं काढूनही काही साधत नाही.

पॉपकॉर्न यंत्रात भाजणाऱ्यांना हा दोष फार छळतो. गरम हवेचा मारा इतका जोरदार असतो की चार मिनिटांतही पहिली तडतड येऊ शकते. तिथे बियांचं प्रमाण हे आचेचं बटण आहे. जास्त बिया टाकल्या की हवा अडते आणि तापमान भराभर चढतं. कमी टाकल्या की चढण मंदावते. दर वेळी पाच-पाच ग्रॅमनं कमी करत जा आणि पहिली तडतड सहाव्या मिनिटाच्या पुढे न्या.

रया गेलेली, सपाट कॉफी

ही ओळखायला अवघड, कारण तिच्यात वाईट असं काही सापडत नाही. आंबटपणा नाही, कडूपणा नाही, गोडवाही नाही. पुठ्ठा, सुका पाव, वाळलेलं गवत अशी काहीतरी आठवण होते आणि कप अर्धा राहतो. बी दिसायला मात्र एकसारखी, देखणी असते.

हिचं कारण बहुतेक वेळा रेंगाळणं. एक तर संपूर्ण घाणाच फार मंद आचेवर १८-२० मिनिटं चालला, किंवा मधेच तापमानाची चढण थांबली. दुसरा प्रकार जास्त घडतो आणि त्याची जागा ठरलेली आहे: पहिली तडतड. त्या क्षणी बियांतून एकदम वाफ सुटते आणि चढण आपोआप मंदावते. नेमक्या त्याच वेळी आपण आवाज ऐकून घाबरून आच एकदम खाली आणतो. दोन्ही मिळून चढण ठप्प होते, तडतड अर्धवट विरते, आणि पुढची दोन मिनिटं बी नुसती शेकत बसते.

उपाय असा की आच तडतडीच्या ४५ ते ६० सेकंद आधी थोडीशी उतरवा आणि तडतड चालू असताना तिला हात लावू नका. तडतड येणार हे आधी कसं कळायचं? नाकानं. पावासारखा गोडसर वास मावळून नाकात झोंबणारा, व्हिनेगरकडे झुकणारा वास येऊ लागतो. बीवर सुरकुत्या दिसतात, रंग चट्ट्यापट्ट्यांचा होतो. हा बदल टिपला की आच हलकी करायची. काही घाण्यांत हे नाकाला सवयीचं होतं आणि मग घड्याळाकडे पाहावं लागत नाही.

सपाट चवीचं दुसरं कारण घाणा उतरवल्यानंतरचं असतं. गरम बिया भांड्यात तशाच ठेवल्या तर त्या स्वतःच्या उष्णतेवर भाजत राहतात. तीन-चार मिनिटांत हाताला सोसतील इतक्या गार व्हायला हव्यात. स्टीलच्या दोन चाळण्या आणि टेबल-पंखा घ्या, बिया एकीतून दुसरीत ओतत राहा. फोलपटंही त्यातच उडून जातात.

ओव्हनबद्दल माझं मत चांगलं नाही. हवा फारशी खेळत नाही, बिया हलत नाहीत, दार उघडलं की तापमान कोसळतं. त्यामुळे एकाच ट्रेमध्ये कडेच्या बिया करपट आणि मधल्या सपाट निघतात. दुसरं साधन नसेल तर भोकांच्या ट्रेवर एकच थर ठेवा, पंख्याची सोय असेल तर चालू करा. तरी त्यातून एका मर्यादेपलीकडे काही मिळत नाही.

करपट, राखेसारखी, धुरकट

या तीन चवी एकाच पिशवीत टाकल्या जातात, पण त्यांची मुळं वेगळी आहेत.

करपट चव सुरुवातीच्या चटक्यातून येते. कढई किंवा ड्रम (भाजणीयंत्रातलं फिरतं पिंप) फार तापलेला होता, किंवा बिया पुरेशा हलल्या नाहीत. कढईत भाजत असाल तर हात थांबता कामा नये आणि बियांचा थर दोन बियांपेक्षा जाड नको. लहान ड्रमवर लागोपाठ घाणे काढणाऱ्यांना दुसऱ्या-तिसऱ्या घाण्यात हा दोष भेटतो, कारण धातूत आधीची उष्णता साठलेली असते आणि दाखवलेलं तापमान हवेचं असतं. दोन घाण्यांमध्ये ठरावीक वेळ थांबा आणि दर वेळी त्याच तापमानाला बिया टाका. नॉनस्टिक भांडं या कामाला अजिबात नको. रिकामं तापवताना ते सहज २६० अंशांपलीकडे जातं आणि त्याच्या लेपातून घातक धूर सुटू लागतो. लोखंड किंवा स्टील घ्या.

राखेसारखी चव शेवटी येते. बी खरोखरच फार पुढे गेलेली असते. इथे कडूपणाचं रसायन उपयोगी पडतं. म्युनिकचे रसायनशास्त्रज्ञ थॉमस हॉफमन यांच्या गटानं २००७ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांनुसार, बीमधल्या क्लोरोजेनिक आम्लांपासून हलक्या-मध्यम भाजणीत लॅक्टोन बनतात आणि त्यांचा कडूपणा सौम्य असतो. आणखी भाजलं की त्यांचे फेनिलइंडेन होतात, आणि त्यांचा कडूपणा खरखरीत असतो, घशाशी रेंगाळतो. त्यामुळे कडू लागलं असं नुसतं लिहू नका. पटकन विरणारा कडूपणा बहुधा ठीकच असतो. दहा मिनिटांनीही तोंडात राहिला तर घाणा २०-३० सेकंद आधी उतरवायला हवा होता. रोबस्टा आणि अरेबिका या कॉफीच्या दोन मुख्य जाती; रोबस्टात ही आम्लं अरेबिकापेक्षा बरीच जास्त असतात, म्हणून तीच भाजणी रोबस्टाला जास्त कडू करते.

धुरकट चवीचा बियांच्या भाजणीशी संबंध कमी. फोलपटं जळतात, त्यांचा धूर कोंडतो आणि बियांवर बसतो. झाकण लावून भाजणं, ड्रमची जाळी साफ न करणं, मागच्या गडद घाण्याचं तेल भांड्याला चिकटून राहणं ही याची नेहमीची कारणं. हवा जाऊ द्या, फोलपटं दर घाण्यानंतर झटका. ती कागदासारखी पेटतात, त्यामुळे चालू घाणा सोडून दुसऱ्या खोलीत जाऊ नका आणि खिडकी उघडी ठेवा.

दोष बीमध्येच असेल तर

मघाशी मागे ठेवलेल्या फिक्या बिया म्हणजे क्वेकर, न पिकलेल्या फळातल्या बिया. त्यांच्यात साखर कमी असल्यानं त्या नीट तपकिरी होतच नाहीत. चव कागदी, शेंगदाण्याच्या सालीसारखी. दोन-तीन बियाही एका कपाची चव पाडतात. कच्च्या मालात त्या सहसा ओळखू येत नाहीत, भाजल्यावर मात्र चटकन दिसतात; तेव्हाच वेचून टाका.

काही वास कोणत्याही आचेनं जात नाहीत. एखाद्याच कपाला कच्च्या बटाट्याचा वास आला आणि बिया रवांडा किंवा बुरुंडीच्या असतील, तर तो तिकडचा प्रसिद्ध दोष आहे. अशी एक बी अख्ख्या कपाला पुरते, पण शेजारचा कप स्वच्छ असू शकतो. औषधी, आयोडिनसारखा कुबट वास ट्रायक्लोरोअॅनिसोल या संयुगामुळे येतो. वाइनच्या बुचाला लागणारा वासही त्याचाच. गोणपाटाचा, जुन्या लाकडाचा वास म्हणजे माल वर्षानुवर्षं पडून होता. संशय आला तर कच्च्या बिया मूठभर घेऊन त्यांचाच वास घ्या, आणि त्याच यंत्रावर त्याच पद्धतीनं दुसरा माल भाजून पाहा. दुसरा चांगला निघाला तर स्वतःला दोष देत बसू नका.

नैसर्गिक पद्धतीनं, म्हणजे फळासकट वाळवलेल्या बिया लवकर करपतात, म्हणून त्यांना सुरुवातीची आच थोडी कमी. डिकॅफ, म्हणजे कॅफीन काढलेल्या, बिया कच्च्या असतानाच तपकिरी असतात आणि त्यांची तडतड दबकी असते. तिथे रंगावर गेलात तर घाणा बिघडलाच म्हणून समजा. वजनातली घट आणि वास एवढाच आधार घ्या.

कालपर्यंत नीट होत होतं

पद्धत तीच, बिया त्याच, आणि अचानक कप सपाट. अशा वेळी वीज तपासा. हीटरची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे व्होल्टेज १० टक्के पडलं तर शक्ती १९ टक्क्यांनी घटते. लांब, बारीक तारेची एक्स्टेन्शनही असाच घोळ घालते. पॉपकॉर्न यंत्रात पंखाही मंदावतो, त्यामुळे परिणाम कोणत्या बाजूला जाईल ते यंत्रावर ठरतं. यंत्र थेट भिंतीच्या सॉकेटला लावा आणि शक्यतो एकाच वेळेला भाजा. थंड हवा, उघड्या दारातला झोत, बियांचं वजन अंदाजानं घेणं, यांनीही तडतड दोन-दोन मिनिटं सरकते.

हे सगळं एकाच वेळी बदलू नका. एका घाण्यात एकच बदल, आणि तोही चाखून पटेल इतका ठळक. आच, वजन आणि उतरवण्याची वेळ तिन्ही बदलून कप सुधारला, तरी कशानं सुधारला ते कळत नाही आणि पुढच्या पोत्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

बिघडलेल्या घाण्याचं काय करायचं

कच्चा राहिला म्हणून तो पुन्हा भाजू नका. बी एकदा फुगली, तिच्यातलं पाणी गेलं, की दुसऱ्यांदा उष्णता तिला पहिल्यासारखी लागत नाही. हिरवट कॉफीची सपाट कॉफी होते एवढंच. सपाट घाणा एखाद्या चटकदार, हलक्या भाजणीत एकास तीन या प्रमाणात मिसळला तर खपून जातो. करपट किंवा बुरशीचा वास असलेला मात्र कशातही मिसळू नका, तो सगळ्यावर मात करतो. नवा ड्रम घेतला असेल तर त्याच्या आतलं कारखान्यातलं तेल आणि धातूचा वास घालवायला सुरुवातीचे घाणे टाकूनच द्यावे लागतात. आणि ग्राइंडरची नवी पाती रुळवायलाही अशाच फुकट बिया लागतात. कच्च्या राहिलेल्या मात्र तिथे घालू नका, त्या पात्यांना फार कठीण पडतात.